बँकेतून तुमची माहिती फुटली, पण पैसे अजून शाबूत आहेत: आता काय करायचं आणि कायदा काय देतो

प्रश्न असा आहे: "माझ्या नागरी सहकारी बँकेचा एसएमएस आला की तिच्या एका सेवा पुरवठादाराच्या यंत्रणेतून काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली आहे. खात्यातले पैसे आहेत तसे आहेत. बँकेवर दावा करता येईल का? खातं बंद करून टाकू का?"

खातं घाईने बंद करू नका. बाहेर गेलेली माहिती खातं बंद केल्याने परत येत नाही. उलट उद्या तक्रार करायची वेळ आली तर नेट बँकिंगमधल्या नोंदी मिळवण्यासाठी तुम्हालाच शाखेत खेटे घालावे लागतात. दाव्याचं म्हणाल, तर नुसती माहिती फुटली म्हणून भरपाई मिळवणं आज अवघड आहे. मात्र त्या माहितीच्या आधारे पैसे गेले, तर ते परत मिळवण्याचा हक्क भक्कम आहे. तो दोन गोष्टींवर टिकतो: किती लवकर कळवलंत आणि लेखी काय आहे. म्हणून पैसे जायच्या आधी, म्हणजे आत्ताच, बँकेकडे एक पत्र पोचवायचं. बहुतेक ग्राहक एसएमएस वाचतात, पासवर्ड बदलतात आणि थांबतात. मग सहा महिन्यांनी फसवणूक झाली की बँक म्हणते, "निष्काळजीपणा तुमचा," आणि यांच्या हातात त्या एसएमएसचा स्क्रीनशॉटही नसतो.

तेव्हा पहिलं काम तो एसएमएस जपण्याचं. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःलाच ई-मेल करून ठेवा. त्यातल्या लिंकवर मात्र बोट लावू नका. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांची संकेतस्थळं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. तो पत्ता स्वतः टाइप करून आत जा.

आता कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये प्रत्येक कार्डासाठी ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून होणारे व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय असते. ही सोय देणं मार्च २०२० पासून बँकांवर बंधनकारक आहे. सर्वांत आधी आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. कारण साधं आहे: भारतातल्या संकेतस्थळावर ओटीपीसारख्या दुसऱ्या पडताळणीशिवाय कार्ड सहसा चालत नाही, पण अनेक परदेशी विक्रेते ती मागतच नाहीत. तिथे कार्डाचा क्रमांक, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. त्यानंतर कार्ड हॉटलिस्ट करून, म्हणजे कायमचं बंद करून, नवं मागवा. नुसता पिन बदलून भागत नाही, कारण बाहेर गेलाय तो क्रमांक. २०१६ मध्ये पेमेंट यंत्रणा सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या प्रणालीत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) शिरलं आणि देशभरातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांना धोका निर्माण झाला. तेव्हा बँकांनी लाखो कार्डं बंद करून नवी दिली, कारण बाहेर गेलेल्या क्रमांकावर दुसरा खात्रीचा उपाय नव्हता.

पासवर्ड बदलताना आधी ई-मेलचा बदला, मग बँकेचा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ई-मेल ज्याच्या ताब्यात, त्याला बाकीचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलता येतात. यूपीआय पिन बदला. नेट बँकिंगमध्ये लाभार्थ्यांची, म्हणजे पैसे पाठवण्यासाठी जोडलेल्या खात्यांची, यादी उघडून अनोळखी नाव काढून टाका. ऑटोपे आणि मॅंडेटची (खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची) यादीही पाहा; दर महिन्याला गुपचूप कापली जाणारी छोटी रक्कम तिथे सापडते. दिवसाची हस्तांतर मर्यादा तुमच्या खऱ्या गरजेइतकीच ठेवा. पाच लाखांची मर्यादा महिन्यात एकदा लागत असेल तर ती त्या दिवशीच वाढवावी.

काही गोष्टी बदलता येत नाहीत: पॅन, आधार क्रमांक, जन्मतारीख, आईचं नाव. खरी जोखीम तिथे आहे आणि ती वर्षानुवर्षं राहते. आधारसाठी 'माय आधार' किंवा एम-आधारमधून बायोमेट्रिक लॉक लावा. अंगठा लावून पैसे काढण्याच्या सोयीचा गैरवापर बोटांच्या ठशांच्या नकलेने झालेला आहे, आणि त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही. लॉक असेल तर अंगठ्याची पडताळणीच होत नाही. रेशन दुकानात किंवा सिम घेताना अंगठा लावायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं ते उघडायचं. 'माय आधार'मध्येच पडताळणीचा इतिहास दिसतो, तोही बघून घ्या. 'संचार साथी' या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहा आणि जी तुमची नाही ती तिथूनच कळवा. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारच्या माणसाच्या त्याच कंपनीच्या फोनला ती आहे, तर सिम बदललं गेल्याचा संशय धरा. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला खातं गोठवायला सांगा, मग मोबाइल कंपनीला फोन लावा.

पॅन आणि आधारची प्रत कोणाच्या हाती लागली तर तुमच्या नावावर कर्ज निघू शकतं, आणि ते वसुलीचा फोन येईपर्यंत कळत नाही. देशात लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चारही एकदम काढू नका. दर तीन महिन्यांनी एक काढला की वर्षभर फुकट पहारा होतो. अहवालात कर्जांच्या यादीइतकंच 'एन्क्वायरी'चं पान महत्त्वाचं. तुम्ही अर्ज न केलेल्या कंपनीची चौकशी दिसली, तर कोणीतरी तुमच्या नावाने दार ठोठावलं आहे. चुकीच्या नोंदीवर ऑनलाइन हरकत घ्या. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी लागते.

माहिती फुटल्यानंतरचा सर्वांत मोठा धोका मात्र फोनचा आहे. फोन असा येतो: "नमस्कार, मी बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. आपला डेटा लीक झाल्याचा मेसेज आला असेल ना? आपल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक, जन्मतारीख अमुक. बरोबर? खातं सुरक्षित करायला एक फाइल पाठवतोय, ती इन्स्टॉल करा." आकडे बरोबर असतात म्हणून माणूस विश्वास ठेवतो, पण ते बरोबर आहेत कारण ते फुटले आहेत. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या त्या एपीके फाइलला (फोनमध्ये थेट ॲप बसवणाऱ्या फाइलला) एसएमएस वाचायची परवानगी दिलीत की तुमचे ओटीपी परस्पर पुढे जातात. तुम्ही कोणाला काही सांगितलेलं नसतं, तरी पैसे जातात. बँकांचे सेवाविषयक कॉल १६०० ने आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून 'बँक' बोलत असेल तर फोन ठेवा आणि कार्डामागच्या क्रमांकावर स्वतः लावा. फाइल टाकून झाली असेल तर त्या फोनचं इंटरनेट ताबडतोब बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग तो फोन फॅक्टरी रिसेट करा. त्याच फोनवरून पासवर्ड बदलत बसू नका, नवा पासवर्डही जातो.

आता पत्र. शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शाखा शिक्का द्यायला कां-कूं करत असेल तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल आणि स्पीड पोस्ट करा. मजकूर असा चालेल:

"आपल्या दि. … च्या एसएमएसनुसार माझी माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेल्याची शक्यता आहे. माझ्या खात्याशी संबंधित नेमकी कोणती माहिती बाहेर गेली (कार्ड क्रमांक, पॅन, आधार, मोबाइल, पत्ता, सही), घटना केव्हा घडली व बँकेस केव्हा कळली, ते लेखी कळवावे. माझे कार्ड शुल्क न घेता बदलून द्यावे. मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल बदलण्याची विनंती आल्यास मला शाखेत बोलावून खातरजमा केल्याशिवाय बदल करू नये. मी पिन, ओटीपी वा पासवर्ड कोणासही दिलेला नाही. यापुढे अनधिकृत व्यवहार झाल्यास तो बँकेच्या अथवा तिच्या पुरवठादाराच्या त्रुटीमुळे झाला, असा माझा दावा राहील."

'दिलेला नाही' हे वाक्य खरं असेल तरच लिहा. काही सांगून बसला असाल तर तेही आत्ताच कळवा, कारण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं.

हे 'बँकेचं' कुठून आलं? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ग्राहकाच्या मर्यादित जबाबदारीचा नियम घातला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो सहकारी बँकांनाही लागू केला. त्यात तीन खाने आहेत. चूक, हलगर्जी किंवा त्रुटी बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्याने व्यवहार कळवलेला असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेत अन्य कुठेतरी, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक मर्यादेपर्यंतच तोटा तुमचा: मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना आणि ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला १०,००० रुपये, मोठ्या चालू खात्यांना आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५,००० रुपये. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. तिसरा खाना ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा. ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. तक्रार लिहिण्याआधी बँकेच्या संकेतस्थळावरचं चालू धोरण उतरवून घ्या. त्यात यापेक्षा चांगली अट असेल तर ती वापरा.

दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि तुमच्या मूळ शाखेचे कामाचे दिवस मोजतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री, शुक्रवारी एसएमएस आला, तर शनिवार-रविवार सुट्टी, सोमवार पहिला दिवस आणि बुधवार तिसरा. हे माहीत असावं, पण बुधवारची वाट पाहू नये. परदेशात राहणाऱ्यांचं इथे नेहमी बिनसतं: भारतातलं सिम बंद पडलेलं असतं, एसएमएस पोचत नाही आणि महिन्याने विवरणपत्रात फटका दिसतो. एनआरआय खात्याला ई-मेलवरच्या सूचना आजच चालू करून घ्या.

तुमच्या प्रश्नातला कळीचा शब्द 'सेवा पुरवठादार' आहे. बँक म्हणेल, "चूक आमची नाही, त्रयस्थाची आहे," आणि प्रकरण दुसऱ्या खान्यात ढकलेल. ते मान्य करू नका. काम बाहेर दिलं म्हणून बँकेची ग्राहकाप्रति जबाबदारी कमी होत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या आउटसोर्सिंगच्या नियमांत स्पष्ट आहे. बँकेने नेमलेल्या पुरवठादाराची त्रुटी ही बँकेचीच त्रुटी, म्हणजे पहिला खाना, असं तक्रारीत ठळक लिहा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात ग्राहकाच्या बाजूचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे, आणि तक्रारींमध्ये तो मांडलेलाच नसतो.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक (यूपीआयला तो बारा आकडी असतो). इथे मिनिटं मोजायची असतात, कारण पैसे एका खात्यातून चार-पाच खात्यांत फिरवून एटीएममधून काढले जातात. वाटेत कुठेतरी होल्ड लागला, म्हणजे बँकेने ती गोठवली, तरच रक्कम अडते. लगेच बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण भरा. १९३० ला सांगितलं म्हणजे बँकेला कळवलं, असं समजू नका. जबाबदारीचा काटा बँकेला कळवण्यावर फिरतो. पोलिसांनी दुसऱ्या खात्यात अडवलेली रक्कम बहुधा न्यायालयाच्या आदेशाने सुटते, म्हणून पोर्टलवरचा क्रमांक जपा.

तुम्ही कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, तीही व्यवहाराच्या तारखेपासून जमा धरून, म्हणजे व्याज बुडत नाही. विम्याच्या दाव्याचा निकाल येईपर्यंत थांबायचं कारण बँकेला सांगता येत नाही. ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची. निष्काळजीपणा ग्राहकाचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. "ओटीपी टाकला गेला, सबब व्यवहार तुम्हीच केला" हे ठोकळेबाज उत्तर येतं, तेव्हा लेखी मागा: ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता गेला, लॉगिन कोणत्या उपकरणावरून आणि आयपी पत्त्यावरून झालं, लाभार्थी केव्हा जोडला, नेहमीपेक्षा वेगळा व्यवहार पाहून यंत्रणेने इशारा दिला का. या प्रश्नांना उत्तर न देणं हेही पुढे तुमच्याच कामाला येतं.

न्यायालयं हा नियम गांभीर्याने घेतात. मुंबईतल्या एका कंपनीच्या खात्यात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ओटीपी न येताच लाभार्थी जोडले गेले आणि दुसऱ्या दिवशी ७६ लाख ९० हजार रुपये गेले. बँकिंग लोकपालाने (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याने) तक्रार फेटाळली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ग्राहकाची जबाबदारी शून्य ठरवून बँकेला सहा आठवड्यांत रक्कम परत करायला सांगितलं. दुसरं प्रकरण गुवाहाटी उच्च न्यायालयातलं आणि तुमच्या प्रश्नाच्या फार जवळचं. एका कपड्यांच्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून माहिती फुटली, ग्राहकसेवेच्या नावाने फोन आला, ॲप टाकायला लावलं आणि ९४,२०४ रुपये गेले. ग्राहकाने २४ तासांत कळवलं होतं. बँकेची जबाबदारी ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवली. ओटीपी कोणाला देऊ नये, हेही त्याच आदेशात बजावलं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन तक्रार करा. मदतीचा क्रमांक १४४४८. शुल्क नाही, वकील लागत नाही. २०२१ च्या योजनेत नुकसानीपोटी २० लाखांपर्यंत आणि मनस्ताप, वेळ, खर्च यांपोटी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती; १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या योजनेत या मर्यादा ३० लाख आणि ३ लाख आहेत. इथे क्रम चुकू देऊ नका: ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात त्याच कारणाने प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही. आधी बँक, मग लोकपाल, मग आयोग. जिल्हा ग्राहक आयोगासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात आणि 'ई-जागृती' या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते.

मोठी रक्कम असेल तर एक दार फारच कमी लोकांना माहीत आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ नुसार संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या संस्थेकडून भरपाई मागता येते, आणि ५ कोटींपर्यंतचा दावा निर्णय अधिकारी म्हणून बसणाऱ्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. महाराष्ट्रात पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. मालकाने फसव्या ई-मेलला उत्तर दिलं होतं, तरीही २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख द्यायचा आदेश झाला. मात्र कलम ४३अ ला नुकसान दाखवावं लागतं. नुसती भीती पुरत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ बद्दल बऱ्याच आशा आहेत, म्हणून नीट समजून घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित वेळापत्रकानुसार त्याची मुख्य कलमं अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यानंतर माहिती फुटली तर काय फुटलं, परिणाम काय, तुम्ही काय काळजी घ्यावी, हे प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणं बंधनकारक होईल. आज सहा तासांत कळवण्याची सक्ती आहे ती सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला, तुम्हाला नाही. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटींपर्यंत दंड होईल, पण तो सरकारजमा. ग्राहकाला त्यातून पैसा मिळत नाही. आणि तोच कायदा लागू होताना कलम ४३अ रद्द करतो. तुमचं खरोखर नुकसान झालेलं असेल आणि ४३अ खाली जायचं असेल, तर ही तारीख डोळ्यांसमोर ठेवून आजच वकिलाशी बोला.

राहिला सहकारी बँकेचा प्रश्न. ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका लोकपाल योजनेत येतात. तुमची बँक त्याहून लहान असेल तर तक्रार रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयातल्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे जाते, आणि ग्राहक आयोगाचं दार तर उघडं आहेच. ठेवींचा आकडा बँकेच्या वार्षिक अहवालात, ताळेबंदाच्या पानावर मिळेल.